कुर्ल्याचा टर्बो, कैनाडची पिकअप

शनिवारी सकाळी अकरा वाजता मी साधारणपणे अंथरुणात असते. फार तर कॉफीचा मग आणि पेपर इथपर्यंत प्रगती झालेली असते. पण त्या शनिवारी मी कुर्ल्याला एका दुकानाच्या पायरीवर उकिडवी बसले होते. एका हातात मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्या हातात एक काळाकुट्ट, शंखासारखा दिसणारा लोखंडी ऐवज. दुकानदार माझ्याकडे असा बघत होता, की जणू मी त्याच्याकडे वांगी निवडायला आलेय. खोटं कशाला बोला, चाललं होतं तसंच.

तोपर्यंत टर्बो या शब्दाशी माझा संबंध म्हणजे गाडीच्या पाठीवरचा स्टिकर, एवढाच. तुमचाही बहुधा तेवढाच असेल. पण एखाद्याच्या घरचा दिवसाचा हिशोब त्या शंखात अडकला, की तो आतून कसा दिसतो हे कळून घ्यावंच लागतं.

झालं असं, की माझी फ्लॅटमेट (तिला आपण कैनाडकर म्हणू, मी तिला तेच म्हणते) मूळची डहाणू तालुक्यातल्या कैनाडची. आम्ही मास कॉमला एका हॉस्टेलवर होतो. आता ती बीकेसीतल्या एका बँकेत एसीत बसते आणि मी शब्दाच्या भावानं लेख विकते. नवीन माणसाशी तिचा संवाद ठरलेला. ‘गाव कुठलं?’ ‘कैनाड.’ ‘ते कुठे आलं?’ ‘डहाणू.’ ‘अच्छा, चिकू!’ ‘हो, चिकू.’ २०१६ मध्ये घोलवडच्या चिकूला जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून तर लोक तिच्याकडे थेट ऑर्डरच देतात. तिच्या घरी चिकूचं झाड एकच आहे, ते कुणाला सांगायचं?

घरी आहे ती पिकअप. सेकंडहँड बोलेरो पिकअप, बाबा स्वतः चालवतात. हिवाळ्यात सकाळी वाड्यांवरून चिकूची क्रेट्स, दुपारनंतर मिळेल ते. भाताची पोती, विटा, लग्नाचा मांडव, कधी कधी नुसते वऱ्हाडी. गाडीचे हप्ते अजून चालू आहेत. आणि जानेवारीत, चिकूच्या ऐन भरात, ही गाडी जव्हारच्या चढावर धापा टाकायला लागली. आधी शिटी वाजायची, मग मागून निळसर धूर, मग एके दिवशी आतून करकर असा आवाज आला आणि पहिल्या गिअरशिवाय गाडी चढ चढेना. डहाणूच्या मेस्त्रींनी खोलून बघितलं आणि फोनवर तीन शब्दांत निकाल दिला. ‘टर्बो गेला, ताई.’

नव्याचा आकडा ऐकून कैनाडकरनं फोन स्पीकरवर टाकला, म्हणजे तो धक्का निम्मा मलाही बसावा. आतला फिरणारा गाभा, ज्याला मेस्त्री लोक कोर म्हणतात, तेवढाच बदलून थोडक्यात भागलं असतं. पण तुटलेल्या पात्यांनी बाहेरचं कवचही आतून खरवडून टाकलं होतं. अख्खाच घ्यायला हवा होता. आणि गाडी उभी राहिलेला प्रत्येक दिवस म्हणजे वाडीवाल्यानं दुसऱ्या पिकअपला फोन करण्याचा दिवस. असा एकदा लागलेला नंबर परत आपल्याकडे वळत नाही, हे बाबा तीनदा म्हणाले.

म्हणून जुना. आणि जुना म्हटलं की कुर्ला.

बीकेसीच्या काचेच्या इमारतींमधून रिक्षा केली, की काही मिनिटांत तुम्ही सीएसटी रोडला लागता. (हे सीएसटी म्हणजे बोरीबंदर नव्हे हं. सेंट्रल साल्सेट ट्रामवे. १९२८ ते १९३४ अशी जेमतेम सहा वर्षं इथून ट्रॉम्बे ते अंधेरी एक रेल्वे धावली. रूळ कधीच गेले, नाव तेवढं राहिलं.) रस्त्याच्या कडेला आणि आतल्या गल्ल्यांमध्ये दारं, बंपर, हेडलाइट, गिअरबॉक्स यांचे डोंगर. कैनाडकर या भागात रोज नोकरीला येते आणि इकडची गल्ली तिनं कधी पाहिली नव्हती. मीही नाही.

मेस्त्रींना यायला जमणार नव्हतं. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवायचं कबूल केलं होतं. पहिला निरोप असा होता : ‘दुकानदार काय बोलतो ते ऐकू नका. हात लावा. हात लावू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.’

आता हा टर्बो असतो काय, ते दोन मिनिटांत. इंजिनातून जो गरम धूर बाहेर फेकला जातो, त्याच्या जोरावर एक पंखा फिरतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त डिझेल, जास्त ताकद. फुकट जाणाऱ्या धुरातून काम करून घ्यायची ही आयडिया आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनीअरची, पेटंट १९०५ चं. ऐकायला सोपं आहे. पण तुमच्या घरातला मिक्सर मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेऱ्या मारतो आणि अख्खी बिल्डिंग उठवतो. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फिरतो, तेही एका बाजूला सहाशे-सातशे अंशांचा धूर अंगावर घेत. आणि त्याला धरून ठेवतो कोण? ऑइलचा एक पातळ थर. लोखंडाला लोखंड लागतच नाही, दांडा ऑइलवर तरंगतो. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्या दुकानातला टर्बो बघून आम्ही दोघी खूश. चकाचक, चंदेरी रंग मारलेला, अगदी शोकेसमध्ये ठेवावा असा. ‘मॅडम, एकदम ओरिजिनल. कल ही गाडीसे उतारा है.’ साडेसात हजार. कैनाडकरनं पर्स उघडलीसुद्धा. मी फोटो मेस्त्रींना पाठवला. लगेच उत्तर : ‘रंग कुणी मारला?’

खरंच की! काल गाडीतून उतरवलेल्या वस्तूवर रंग कशाला? गरम बाजूचं कवच बिडाचं असतं, ते धुरानं तापून तापून गंजट तपकिरी झालेलं असायला हवं. मग नंबराची पट्टी शोधली. ती नव्हतीच, रिव्हेटची दोन भोकं तेवढी होती. ‘गिर गया होगा.’ मग मेस्त्रींच्या सांगण्यावरून थंड बाजूच्या तोंडातून आत टॉर्च मारला. पंख्याच्या मधोमध एक बारीक नट असतो. त्याच्या कडा ताज्या खरवडलेल्या, पितळी भांडं घासल्यासारख्या चमकत होत्या. म्हणजे कुणीतरी तो उघडून परत बसवला होता. लाखभर फेऱ्यांवर फिरणारी वस्तू कारखान्यात काट्यावर तोलून बसवतात, ती पान्यानं पिळून बसवली तर काय होणार? शेवटी दांडा चिमटीत धरून आत-बाहेर ढकलला. ‘टक’ असा आवाज आला. अगदी हलका, पेनचं बटण दाबल्यासारखा.

मी तो ‘टक’ रेकॉर्ड करून पाठवला. मेस्त्रींनी एक शब्द पाठवला : ‘उठा.’

दुकानदार मागून ओरडत होता, सातला घ्या, साडेसहाला घ्या. सगळ्यात जास्त मोह तेव्हा झाला, हे कबूल करते. माणूस भाव पाडतोय म्हटल्यावर आपल्याला उगाच वाटतं, की आपण जिंकतोय.

दुसरं दुकान म्हणजे एक अंधारी खोली आणि तिच्यात एक चाचा. त्यांच्याकडे काहीही चमकत नव्हतं. प्रत्येक टर्बोवर खडूनं गाडीचं नाव लिहिलेलं. आम्ही हात लावू का विचारल्यावर त्यांनी नुसतं चिंधी पुढे केली. तेवढ्यावर माझं अर्धं मत झालं होतं, पण मेस्त्रींना मतं चालत नाहीत.

पहिल्या नगाच्या पट्टीवरचा नंबर आमच्या जुन्या टर्बोच्या नंबराशी जवळजवळ जुळत होता. शेवटचे दोन आकडे तेवढे वेगळे. ‘चलेगा,’ चाचा. ‘नाही चालणार,’ मेस्त्री. बाहेरून जुळी भावंडं दिसली तरी आतला पंखा, पाइपाचं तोंड किंवा झडपेचं सेटिंग वेगळं असू शकतं. दुसरा नग नंबरासकट जुळला, पाती छान, दांडा घट्ट. आम्ही जवळजवळ घेतलाच होता. मग गरम बाजूच्या तोंडात टॉर्च धरला, तर आतल्या झडपेच्या भोकाजवळ केस पडल्यासारखं दिसलं. बोटानं पुसायला गेले, पुसलं जाईना. नख अडकलं. ती चीर होती. चाचांनी नग माझ्या हातातून घेतला, उजेडात नेऊन पाहिला आणि एक शब्दही न बोलता मागच्या भंगाराच्या ढिगात टाकला. त्या क्षणी मला ते आवडले.

तिसऱ्या नगाला आम्ही अख्खा पाऊण तास दिला. पाऊण तासात मी एरवी पाचशे शब्द लिहिते.

आधी पाती. थंड बाजूचा पंखा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. एअर फिल्टर फाटका असला, तर धूळ आत जाऊन पात्यांच्या कडा वाळूनं घासल्यासारख्या बोथट होतात आणि एखादा खडा गेला तर खाचच पडते. एकेका पात्याच्या कडेवरून बोट फिरवलं, सगळी सरळ आणि धारदार. मग पंख्याला टिचकी मारून फिरवला. तो न घासता फिरत राहिला आणि हळूहळू, गाडी स्टेशनात थांबावी तसा थांबला. आत-बाहेर ढकलला, काही हलल्याचं जाणवलं नाही. मग वर-खाली, डावीकडे-उजवीकडे. आणि हलला की हो! चांगला जाणवेल इतका हलला.

कैनाडकरचा चेहरा पडला. मीही मनातल्या मनात चाचांना शिव्या घातल्या. निरोप पाठवला, तर मेस्त्री हसायलाच लागले. दांडा ऑइलवर तरंगतो ना, मग ऑइलला जागा नको? ऑइल नसताना आडवा थोडा हलणारच. आत-बाहेर मात्र हलता कामा नये. बघायचं एवढंच, की एका बाजूला दाबून धरून फिरवला तर पातं कवचाला घासतं का. दोन्ही बाजूंनी दाबून फिरवून पाहिला, घासत नव्हता. कवचाच्या आत गोल ओरखडेही नव्हते. विचार करा, हे माहीत नसतं तर आम्ही चांगला नग टाकून, घट्ट दांडा पाहून, तो चिरलेला उचलला असता.

थंड बाजूला ऑइलचा हलका ओशटपणा होता. तो चालतो, म्हणाले, इंजिनाच्या वाफेबरोबर तेवढं येतंच. थारोळं नको. गरम बाजूला मात्र ओलं काहीच नको, तिथे कोरडी काजळी हवी. होती. ऑइल आत शिरतं त्या भोकात टॉर्च मारला. काळी खरपुडी नव्हती, धातू दिसत होता. झडपेची दांडी हातानं ओढून पाहिली, अडकत नव्हती. शेवटची परीक्षा माझ्या वाट्याला आली. झडप हलवणारी जी गोल डबी असते, तिच्या नळीला तोंड लावून हवा ओढायची आणि जिभेनं भोक बंद करून थांबायचं. जीभ चिकटून राहिली तर आतला पडदा शाबूत. राहिली. ती चव दुसऱ्या दिवसापर्यंत होती, चिकूनंही गेली नाही.

साडेनऊचे आठ झाले. आम्ही बिल मागितलं, तर चाचांनी भुवई वर केली. पण बिल हवंच. एक म्हणजे जुन्या मालाचा बाजार, कुठल्या गाडीतून काय उतरलंय ते कागदावर असलेलं बरं. दुसरं, त्यावर नंबर आणि ‘सात दिवसांत बदलून’ एवढं लिहून घेता येतं. त्यांनी लिहिलं, सही केली, शिक्का मारला. जीपेचा आवाज झाल्यावर चहाही पाजला.

डहाणू लोकल ही २०१३ पासूनची आमच्यासारख्यांची मोठी सोय. लेडीज डब्यात सीटखाली बारदानात गुंडाळलेला टर्बो, वर आमचे पाय. विरारनंतर डबा रिकामा व्हायला लागला, तशी समोरच्या मावशींनी विचारलं, ‘मिक्सर आहे का?’

‘त्याच्या भावकीतलाच,’ कैनाडकर म्हणाली.

रविवारी सकाळी मेस्त्री कैनाडला आले. मला वाटलं होतं, आता बसवतील आणि संपलं. त्यांनी आमच्या टर्बोकडे नीट बघितलंही नाही. बारदानावर तसाच ठेवला आणि इंजिनापासून टर्बोपर्यंत ऑइल नेणारा बोटाएवढा लोखंडी पाइप सोडवायला घेतला. ‘आधीचा का गेला ते कळल्याशिवाय हा बसवणार नाही. नाहीतर महिन्यात हाही जाईल आणि नाव माझं खराब होईल.’

पाइप सोडवून त्यांनी माझ्या हातात दिला. ‘फुंका.’ फुंकला. हवा जाईना. गाल दुखेपर्यंत फुंकला. मग त्यांनी आत तार घातली आणि पाइप पत्र्यावर आपटला. काळ्या पापुद्र्यांचा चुरा पडला, करपलेल्या दुधाच्या खरवडीसारखा. ऑइल वेळेवर बदललं नाही, की ते जळून असं चिकटतं. पाइप आतून बारीक बारीक होत जातो, दांड्याला ऑइल कमी पडतं, आणि मग लोखंडाला लोखंड लागतं.

‘ऑइल कधी बदललं होतं, काका?’ मी विचारलं. पत्रकार ना, नको तिथे प्रश्न.

बाबा चुऱ्याकडे बघत होते. ‘जूनमध्ये बदलायचं होतं,’ ते म्हणाले. ‘मग पावसात धंदा नव्हता. म्हटलं गणपतीत बदलू. मग म्हटलं दिवाळीत.’

जूनमध्ये आम्ही हा फ्लॅट घेतला होता. डिपॉझिटचे निम्मे पैसे कैनाडकरच्या घरून आले होते. ‘आहेत गं बाबांकडे,’ ती तेव्हा म्हणाली होती. आता ती काहीच बोलली नाही. उठली आणि मेस्त्रींना स्पॅनर द्यायला जाऊन उभी राहिली. माझे निम्मे माझ्या बाबांनी दिले होते. त्यांनी त्या वर्षी काय पुढे ढकललं, ते मी अजून विचारलेलं नाही.

‘ऑइलला काय झालंय सांगायचं ना,’ ती थोड्या वेळानं म्हणाली, पण मेस्त्रींच्या दिशेनं बघून.

‘बाय, गाडी पळत होती,’ बाबा म्हणाले. ‘पळती गाडी कोण खोलतं?’

मग काम भराभर झालं. नवा पाइप, नवं ऑइल, नवा ऑइल फिल्टर, नवा एअर फिल्टर, तांब्याचे नवे वॉशर. जोडावर सिलिकॉन लावू का, असं मेस्त्रींच्या पोऱ्यानं विचारलं, तर त्याला जोरदार बोलणी बसली. त्याचा तुकडा सुटून ऑइलच्या वाटेत अडकला, की परत तेच. बसवण्याआधी त्यांनी टर्बोच्या भोकात ऑइल ओतलं आणि दांडा हातानं फिरवला, सगळीकडे लागेपर्यंत. डिझेल बंद ठेवून नुसता स्टार्टर दोन-तीनदा मारला, म्हणजे ऑइल पोचायला वेळ मिळतो. आणि मग चावी.

धूर आला, भरपूर. अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. जुन्या पाइपांत साचलेलं ऑइल जळतंय, म्हणाले मेस्त्री, आणि बिडी पेटवली. बिडी संपेपर्यंत धूर संपला. आम्ही सगळे गप्प उभं राहून ऐकत होतो. करकर नाही. अ‍ॅक्सिलेटर दाबल्यावर एक बारीक, सरळ शिटी.

दुपारी विटांचा एक फेरा मिळाला. रिकाम्या गाडीवर काय कळणार, भरून बघू, म्हणत बाबांनी आम्हाला दोघींना पुढे बसवलं. चढावर दुसऱ्या गिअरला गाडी अशी काही उचलली, की कैनाडकरनं डॅशबोर्ड धरला. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांनी तिसरा टाकला.

विटा उतरवून घरी आलो. गाडी अंगणात लावली. मी दार उघडून उतरलेसुद्धा. बाबा मात्र स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसलेले, इंजिन चालूच. चढावरून तापून आलेला टर्बो लगेच बंद करायचा नाही, दांडा फिरत असताना ऑइल तुटतं, मिनिटभर तसंच चालू राहू द्यायचं, हे मेस्त्रींनी जाताना दोनदा सांगितलं होतं.

‘बाबा, जेवायला चला ना,’ कैनाडकर दारातून ओरडली.

‘थांब,’ ते म्हणाले. ‘चाळीस झालेत.’